राजांच्या बागा, लोकांच्या वाटा



वसंत ऋतूत संध्याकाळी घराबाहेर पडून चार माणसांत बसावे आणि काही ऐकावे, ही चाल आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेच्या रूपाने रूढ केली. तिचेच अनुकरण करून आपणही दरवर्षी जमतो. तेव्हा आजचा विषय ऋतूला साजेसा असावा म्हणून मी एका शहरातला वसंतातील फेरफटका निवडला आहे. ते शहर म्हणजे पॅरिस. परंतु प्रवासवर्णन करणे हा माझा हेतू नाही. फुले कोठे चांगली फुलतात हे सांगण्यासाठी प्रवासी पुस्तके पुष्कळ आहेत. मला विचारावयाचा आहे तो प्रश्न वेगळा आहे. शहरातली मोकळी जमीन कोणाची? बागेचे दार कोणासाठी उघडावयाचे? आणि रस्ता हा चालणाऱ्याचा, की वाहनाचा? हा प्रश्न पॅरिसने साडेतीनशे वर्षे घासून पाहिला आहे. त्याचा इतिहास तेथल्या बागांच्या मातीतच वाचावयास मिळतो.

आपल्याकडे चैत्रात गुढ्या उभारल्या जातात, त्याच सुमारास पॅरिसमध्ये लोक चेस्टनटच्या झाडांकडे डोळे लावून बसतात. या झाडाला पाने फुटली आणि मागाहून दिवटीसारखे पांढरे तुरे आले, की थंडी सरली असे तो नागरिक समजतो. त्युइलरीच्या बागेत पूर्वी अशा एका झाडाची मोठी ख्याती होती. ते इतरांच्या आधी, म्हणजे २० मार्चला फुलते, अशी समजूत असे. १८१५ साली एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन याच दिवशी पॅरिसात परतला, म्हणून त्याच्या अभिमान्यांनी हे झाड आपल्या पक्षाचे ठरवून टाकले. एका झाडाच्या फुलण्यालाही जेथे राजकारणाचा रंग चढतो, तेथल्या बागा नुसत्या शोभेच्या नसणार हे उघड आहे.

म्हणून आपण त्युइलरीपासूनच निघू. या नावाचा अर्थ आहे कौलांच्या भट्ट्या. सीन नदीच्या काठी, तटाबाहेर, कौले भाजण्याचा धंदा चाले. ती जागा घेऊन राणी कॅथरिन द मेदिची हिने १५६४ पासून तेथे राजवाडा आणि बाग करविली. पुढे शंभर वर्षांनी, १६६४ च्या सुमारास, चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत आंद्रे ल नोत्र याने ती बाग नव्याने आखली. ल नोत्र हा माळ्याच्या घराण्यातला. त्याचा बाप आणि आजा या दोघांनीही याच बागेत काम केलेले. व्हर्सायच्या जगप्रसिद्ध बागाही त्यानेच आखल्या. मधोमध सरळ लांब वाट, दोन्ही बाजूंना मोजूनमापून लावलेली झाडे, गोल आणि अष्टकोनी हौद, ही त्याची रीत आजही त्युइलरीत दिसते.

परंतु मला सांगावयाचा आहे तो प्रसंग बाग तयार झाल्यानंतरचा. राजाचा मंत्री कोल्बेर याच्याकडे इमारतींचे खाते होते. एवढ्या खर्चाने लावलेली बाग लोकांनी तुडवून टाकू नये, ती राजासाठी राखून ठेवावी, असे त्याच्या मनात आले आणि तो दारे बंद करावयास निघाला. बरोबर शार्ल पेरो नावाचा त्याचा कारकून होता. सिंड्रेला आणि लाल टोपीवाली या मुलांच्या गोष्टी १६९७ साली प्रसिद्ध करणारा तो हाच. पेरोने आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याने मंत्र्याला सांगितले की, या बागेबद्दल साध्या नागरिकालाही किती आदर आहे याची आपणांस कल्पना नाही. बायकामुले येथे येतात; पण फूल तोडणे दूर राहो, त्याला हातही लावीत नाहीत. आजारातून उठलेली माणसे हवा खाण्यास येतात, कोणी व्यवहाराचे बोलावयास येतात, कोणी लग्ने जुळवावयास. कोल्बेरला ते खरे वाटेना. तेव्हा तेथल्या माळ्यांना विचारण्यात आले. लोकांचा त्रास होतो काय? माळ्यांनी साक्ष दिली ती लोकांच्या बाजूने. दार उघडे राहिले.

श्रोतेहो, या लहानशा प्रसंगाला मी फार महत्त्व देतो. लोकांना बाग द्यावी की न द्यावी, या वादात "लोक नासधूस करतात" हा आक्षेप प्रत्येक काळात आणि प्रत्येक देशात पुढे येतो. त्याचे उत्तर पेरोने तर्काने न देता माळ्याच्या अनुभवाने दिले. ज्याच्या हातात खुरपे होते त्याचे म्हणणे ज्याच्या हातात किल्ली होती त्याने ऐकले.

तथापि हे उघडे दार सर्वांसाठी उघडे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. फाटकावर पहारेकरी असत आणि नीटनेटक्या पोशाखाच्या माणसालाच आत सोडीत. गणवेशातले नोकरचाकर, साधे शिपाई आणि भिकारी यांना मज्जाव असे. वर्षातून एकदा, २५ ऑगस्टला, संत लुईच्या सणाच्या दिवशी मात्र सर्वांना मोकळीक मिळे. म्हणजे लोक या शब्दात कोण कोण धरावयाचे, हा प्रश्न शिल्लकच होता. तो पुढे क्रांतीने सोडविला.

त्या क्रांतीची ठिणगीही बागेतच पडली. त्युइलरीपासून चार पावलांवर पॅले रॉयालची बाग आहे. ती ओर्लेआँच्या ड्यूकची खाजगी मालमत्ता. ड्यूकला पैशाची नड पडली, तेव्हा १७८१ नंतर त्याने बागेच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठवून खाली कमानींत दुकाने भाड्याने दिली. जुनी झाडे तोडली म्हणून शहर त्याच्यावर संतापले होते. पण कमानी तयार होताच तेच शहर तेथे गर्दी करू लागले. कॉफीगृहे, पुस्तकांची दुकाने, जुगाराचे अड्डे, सर्व काही तेथे होते. राजघराण्यातल्या माणसाची जागा असल्याने पोलिसांना आत सहजी शिरता येत नसे. त्यामुळे शहरात जे बोलता येत नव्हते ते येथे मोठ्याने बोलता येई. १२ जुलै १७८९ हा रविवार होता. लोकप्रिय मंत्री नेकर याला राजाने काढून टाकल्याची बातमी आली. कामीय देमूलाँ नावाचा तरुण वकील, जो एरव्ही बोलताना अडखळत असे, तो कॉफीगृहाच्या मेजावर चढला आणि त्याने लोकांना शस्त्रे घेण्याचे आवाहन केले. झाडाची हिरवी पाने तोडून लोकांनी ती टोप्यांना खोवली. दोन दिवसांनी बास्तीय पडले. बागेतले फूल कोणी तोडीत नाही असे पेरोने सांगितले होते; शे-सव्वाशे वर्षांनी लोकांनी पाने तोडली ती अशी.

आता नदी ओलांडून एका शांत बागेत जाऊ. तिला आज झार्दँ दे प्लांत, म्हणजे वनस्पतींची बाग, म्हणतात. तेराव्या लुईचा वैद्य गी द ला ब्रॉस याने औषधी वनस्पतींसाठी ती काढविली. १६३५ साली राजाज्ञा झाली आणि १६४० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेथे वनस्पतिशास्त्र, रसायन आणि शरीररचना या विषयांवर व्याख्याने होत, आणि विशेष असा की ती पंडितांच्या लॅटिनमध्ये न होता लोकांच्या फ्रेंच भाषेत होत, शिवाय विनामूल्य होत. आपल्यासारख्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी त्या बागेला एक नमस्कार करावा, असेच हे काम आहे. १७९३ साली क्रांतिकारकांनी तिचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर केले आणि पुढच्याच वर्षी तेथे प्राण्यांचा बाग सुरू झाला.

या बागेचा आपल्या प्रदेशाशीही एक धागा आहे. व्हिक्टर झाकमाँ नावाचा तरुण शास्त्रज्ञ या संस्थेतर्फे वनस्पती व प्राणी गोळा करण्यासाठी १८२९ मध्ये हिंदुस्थानात आला. कलकत्त्याहून हिमालय, पंजाब, काश्मीर असा तो फिरला, रणजितसिंहाला भेटला, मग दक्षिणेकडे वळून पुण्यावरून मुंबईला आला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईतच वारला. वय अवघे एकतीस. १८८१ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसला नेण्यात आले. ज्या भूर्ज वृक्षाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, त्या हिमालयातल्या भूर्जाच्या एका प्रकाराला शास्त्रात आज झाकमाँचे नाव आहे. शुभ्र सालीचा तो वृक्ष युरोपातल्या बागांत हौसेने लावला जातो.

यानंतरचा मोठा अध्याय तिसऱ्या नेपोलियनचा. हा बादशहा हद्दपारीत लंडनला राहिला होता आणि तेथल्या हाइड पार्कसारख्या उद्यानांनी त्याचे डोळे दिपले होते. गादीवर येताच त्याने १८५३ मध्ये ओसमान याला सीन प्रांताचा प्रीफेक्ट नेमले. ओसमानने जुने पॅरिस फोडून रुंद रस्ते काढले, हे आपण शाळेत वाचलेले असते. रस्त्यांबरोबर बागाही काढल्या, हे तितकेसे ध्यानात राहत नाही. पश्चिमेला बूलोन्यचे रान, पूर्वेला व्हँसेनचे रान, आणि मधे वस्त्या-वस्त्यांत लहान चौकबागा, अशी आखणी आल्फाँ नावाच्या अभियंत्याने केली.

त्यांतली सर्वांत विलक्षण बाग ईशान्येच्या मजूरवस्तीत आहे. तिचे नाव ब्यूत-शोमाँ. ही जागा म्हणजे जिप्समच्या खाणी. पॅरिसच्या टेकड्यांतले जिप्सम भाजून जी भुकटी होते तिलाच जग प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणते. आपल्या गणेशमूर्तींमुळे ते नाव आपल्या घराघरांत पोचले आहे. खाणी संपल्यावर तेथे शहराची घाण टाकीत, मेलेली घोडी सोलीत, आणि जवळच पूर्वी मोंफोकोनचा फाशीचा खांब असे. अशा ओसाड, दुर्गंधी जागेवर १८६४ ते १८६७ या तीन वर्षांत सुमारे पंचवीस हेक्टरांची बाग उभी राहिली. खाणीचे कडे तसेच ठेवून त्यांना डोंगराचे रूप दिले, तळे केले, धबधबा सोडला, सुळक्यावर छोटे देऊळ बांधले. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ती खुली झाली. आज एप्रिलमधल्या रविवारी तेथल्या उतरणीच्या हिरवळीवर कुटुंबेच्या कुटुंबे पसरलेली असतात. त्या जागी पूर्वी खाण होती आणि उकिरडा होता, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

तरीही या कामाची दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. रस्ते रुंद झाले तेव्हा जुन्या गल्ल्यांतल्या गरिबांची घरे पडली आणि वाढत्या भाड्यामुळे त्यांना शहराच्या कडेला जावे लागले. शिवाय ज्या हातांनी बागा दिल्या तेच हात बाग कापावयासही मागेपुढे पाहत नसत. लक्झेंबर्गच्या बागेचे उदाहरण घ्या. मारी द मेदिची हिने सतराव्या शतकाच्या आरंभी केलेली ही बाग विद्यार्थ्यांची, म्हाताऱ्यांची आणि मुलांची लाडकी. तिच्या दक्षिणेला कार्थुसियन मठाची जुनी रोपवाटिका होती. तेथल्या फळझाडांची कीर्ती मोठी होती. १८६५ साली सरकारी हुकूम निघाला की, हा भाग तोडून तेथे रस्ते काढावे व जमीन विकावी. शहर खवळले. हजारो सह्यांचा अर्ज गेला, वर्तमानपत्रांत टीका झाली. सेन्सॉरशिपच्या त्या काळात राजकारणावर उघड बोलणे अवघड. परंतु झाडांवर बोलता येत होते, म्हणून लोक झाडांवर बोलले. रोपवाटिका शेवटी गेलीच. पण आपल्या बागेवर कोणी कुऱ्हाड उचलली तर नागरिक उठतो, हा धडा सत्ताधाऱ्यांना मिळाला. बागेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आजही सफरचंद आणि नासपती यांची भिंतीशी तारेवर चढविलेली झाडे आहेत. ती त्या वाटिकेची परंपरा सांगतात. वसंतात त्यांना फुलोरा येतो, आणि शेजारीच १८५६ पासून चालत आलेली मधमाशापालनाची शाळा आहे.

याच बागांनी १८७१ चा वसंतही पाहिला. मार्चच्या मध्यात कम्यूनचे राज्य सुरू झाले आणि २१ ते २८ मे या आठवड्यात ते रक्तात बुडाले. त्युइलरीचा राजवाडा त्या आठवड्यात जळाला. लक्झेंबर्गच्या बागेत माणसे भिंतीशी उभी करून गोळ्या घातल्या गेल्या. राजवाड्याचे अवशेष १८८३ साली पाडून टाकले. राजवाडा गेला, बाग राहिली. कौलभट्टीच्या जागी आलेल्या त्या राजवाड्याची आठवण आता बागेच्या नावापुरती उरली आहे.

येथपर्यंत बागेच्या दाराचा प्रश्न झाला. विसाव्या शतकात तो रस्त्यावर आला. रस्ता हाही पॅरिसात एके काळी फिरावयाची जागा होती. १६७० साली चौदाव्या लुईने शहराचा जुना तट पाडून त्या जागी झाडांच्या रांगा लावविल्या. बुलेव्हार या शब्दाचा मूळ अर्थ तटाचा बुरूज; तट गेल्यावर तोच शब्द सावलीच्या रुंद रस्त्याला लागला. परंतु मोटार आली आणि पायी चालणारा पदपथावर, पदपथावरून भिंतीशी सरकू लागला. बाग राजाने अडविली होती. रस्ता कोणी अडविला, तर तो तुमच्या-आमच्यासारख्याच मोटार घेऊन निघालेल्या माणसाने. म्हणून हा दुसरा झगडा पहिल्यापेक्षा कठीण. राजाविरुद्ध अर्ज करता येतो; स्वतःच्या सोयीविरुद्ध अर्ज करणारे थोडे.

२२ डिसेंबर १९६७ रोजी सीनच्या उजव्या काठाने तेरा किलोमीटरांचा जलद मार्ग खुला झाला. त्या वेळचे पंतप्रधान झोर्झ पाँपिदू यांचे धोरण असे की, शहराने मोटारीशी जुळवून घेतले पाहिजे. पुढे त्या मार्गाला त्यांचेच नाव मिळाले. जेथे बोटी लागत आणि म्हातारे गळ टाकून बसत, तेथे वाहनांचा लोंढा वाहू लागला. डाव्या काठावरही, नोत्र दामच्या समोरून, असाच मार्ग व्हावयाचा होता; तो १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्ताँ यांनी रद्द केला. त्याच वर्षी आणखी एक लहानशी गोष्ट घडली. बागेत खुर्चीवर बसावयाचे तर पैसे घेणाऱ्या बाया तोपर्यंत लक्झेंबर्गमध्ये फिरत. ती खुर्चीपट्टी बंद झाली. हिरवी लोखंडी खुर्ची ओढून कोणीही उन्हात किंवा सावलीत फुकट बसू लागला. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत ही नोंद सापडणार नाही. परंतु ज्याच्या खिशात नाणे नव्हते त्याच्या दृष्टीने हीदेखील एक क्रांतीच होती.

त्यानंतर वाट हळूहळू परत फिरली. बास्तीयपासून निघणारी जुनी आगगाडीची वाट १९६९ मध्ये बंद पडली होती. तिच्या उंच कमानींवर झाडे लावून १९९३ मध्ये लोकांसाठी सुमारे साडेचार किलोमीटरांची पायवाट केली आणि कमानींखाली कारागिरांना जागा दिल्या. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी बोलत बोलत गुलाबांमधून चालावे, अशी ती वाट आहे. न्यूयॉर्कने पुढे २००९ मध्ये हाय लाइन नावाची आपली बाग काढली ती हिच्याच प्रेरणेने. २००२ च्या उन्हाळ्यात नदीकाठचा जलद मार्ग काही आठवडे बंद करून तेथे वाळू टाकली आणि लोक आरामखुर्च्या टाकून बसले. पुष्कळांना ती थट्टा वाटली. पण एकदा त्या जागेवर अनवाणी चाललेला माणूस तिला निव्वळ मोटारींची मानावयास तयार होईना. २०१३ मध्ये डाव्या काठाचा सुमारे सव्वादोन किलोमीटरांचा भाग कायमचा पादचाऱ्यांना मिळाला, २०१६ मध्ये उजव्या काठाच्या सव्वातीन किलोमीटरांचा निर्णय झाला.

हे सुरळीत झाले असे समजू नका. दुकानदार, टॅक्सीवाले, आणि विशेषतः उपनगरांतून कामाला येणारे लोक यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ज्यांना शहरात राहणे परवडत नाही त्यांनाच लांबून यावे लागते, आणि नदीकाठी फिरावयास वेळ असतो तो बहुधा आत राहणाऱ्यांना. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने हा हुकूम रद्द केला. प्रदूषणाच्या परिणामांचा अभ्यास सदोष आहे, असे त्याचे कारण होते. नगरपालिकेने मार्चमध्ये नवा हुकूम काढला तो नदीकाठच्या वारशाचे रक्षण या आधारावर. तो मात्र न्यायालयात टिकला. कोल्बेरच्या काळी एका माळ्याची साक्ष पुरली होती. आता वकील, तज्ज्ञ आणि दोन निवाडे लागले.

आणि शेवटची तारीख. २३ मार्च २०२५, वसंतातला रविवार. आणखी पाचशे रस्ते मोटारींना बंद करून तेथे झाडे लावावी काय, असा प्रश्न पॅरिसच्या नागरिकांना मतदानाने विचारण्यात आला. सुमारे सहासष्ट टक्के मते होकाराची पडली. परंतु मतदानाला आले किती? शंभरांत चार. ज्या हक्कासाठी लोक एके काळी हजारो सह्या करीत, तो हक्क दारात आणून ठेवला तेव्हा शंभरांतले शहाण्णव घरी बसले. विरोधकांनी यावर बोट ठेवले ते योग्यच होते. बहुमत मिळाले म्हणून निर्णय कायदेशीर ठरतो. पण लोकांनी तो आपला मानला असे त्यावरून सिद्ध होत नाही.

या सगळ्या फेरफटक्यातून मला दिसते ते एवढेच. शहरातली मोकळी जागा एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असे होत नाही. राजा ती देतो, मंत्री बंद करावयास निघतो. बादशहा एक बाग देतो आणि दुसरी कापतो. एक सरकार नदीकाठ वाहनांना देते, दुसरे परत घेते. ती टिकते ती वापरणाऱ्यांमुळे. पेरोच्या वेळी बाग वाचली, कारण रोज येणाऱ्या बायकामुलांनी फुले तोडली नव्हती आणि हे माळ्याने पाहिले होते. लक्झेंबर्गची बाग पुष्कळ अंशी वाचली, कारण तेथे रोज बसणाऱ्यांनी सह्या केल्या.

आपल्या गावातही नदीकाठ आहे, एखादी जुनी बाग आहे, देवळापुढचा चौक आहे. सभा संपल्यावर घरी जाताना त्यांतल्या एकावरून आपण जाणारच. वाहनावरून गेलात तर ती जागा दिसणार नाही; म्हणून आज तरी पायी जा, आणि तेथे बसावयास जागा उरली आहे की नाही एवढे पाहून या. उरली नसेल, तर उद्याच्या व्याख्यानाआधी आपल्याला एका अर्जावर सह्या गोळा कराव्या लागतील. पहिली सही मी करीन.